भट्टीचा मिस्त्री आणि पश्चिमेची भिंत

टिकाराम मेश्राम यांनी भिलाईच्या कारखान्यात चौतीस वर्षं भट्ट्यांना आतून विटा लावल्या. सांध्यात पोस्टकार्डाचा कोपरा शिरला तर ती वीट काढून पुन्हा लावायची, असा माणूस. गाव भंडाऱ्याकडचं, पण हाडात मुरली ती भिलाईच. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि नंदिनीच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर त्यांनी स्वतःच्या हातानं उभं केलं. भिंती दीड विटेच्या, खिडक्या वीतभर, वर झरोका एकही नाही. आल्यागेल्याला ते भिंतीवर थाप मारून दाखवायचे, फट शोधून दाखवा म्हणायचे.

पहिल्या मे महिन्यात घरानं हिसका दाखवला. स्लॅबमधून उतरलेली धग बाहेर जायला वाटच नव्हती. संध्याकाळी अंगणात वारा सुटायचा, आत भिंती उकळत राहायच्या. त्यांची बायको सत्यशीलाबाई घरीच शिवणकाम करायच्या. मशीनवर बसल्याबसल्या त्यांना दोनदा भोवळ आली. नागपूरला राहणाऱ्या मुलानं, राजदीपनं, आईला आपल्या एसीच्या फ्लॅटवर बोलावलं. बाईंनी नवऱ्याला एक वर्ष दिलं. पुढच्या उन्हाळ्यात हेच राहिलं तर मशीन उचलून नागपूर. टिकाराम काही भिलाई सोडणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिवाळीनंतर दुर्गला पर्यावरणवाल्यांची हिरव्या, म्हणजे कमी विजेत गार राहणाऱ्या घरांवर सभा होती. टिकाराम वही घेऊन गेले आणि तोंड पाडून परतले. पडद्यावर सगळे बंगलेच दाखवले, दुहेरी काचा, स्टारवाले एसी. दोन खोल्यांच्या घराचं विचारायला हे उठले, तर चहानंतर बघू म्हणाले. चहानंतर हॉल रिकामा.

"आपल्यासारख्याले कोनी इचारतच नाही," ते म्हणाले.

सत्यशीलाबाई ब्लाउज बेतत होत्या. कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "तुमी तरी मले कुठं इचारलं? भट्टीत धग कोंडा लागते, मानलं. पन हे घर होय. दिवसभर यात मी शिजून राहिली, तुमी तं चौकात निंबाखाली बसता."

मग बाईंनी त्यांना भिंतींच्या पायथ्याशी वाकायला लावलं. तिथं कापडावर आखायच्या निळ्या खडूच्या खुणा होत्या, पोछा मारताना जपलेल्या. सकाळी नऊला मशीन कुठं, धग चुकवत अकराला कुठं सरकवली, दोनला दाराशी. पश्चिमेच्या भिंतीजवळ एकही खूण नव्हती. चौतीस वर्षं भट्टीचा नकाशा वाचणाऱ्या माणसानं तो नकाशा उकिडवं बसून वाचला.

जानेवारीत काम काढलं. छताला लागून समोरासमोर झरोके पाडायचे होते, पण सांधे सुटता सुटेनात. आपल्याच हाताला शिव्या घालत त्यांनी छिन्नी चालवली. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून राखेच्या विटांची दुसरी भिंत दिली, विटा काठावर उभ्या, धग अडवायला मध्ये पोकळी. स्लॅबवर फुटक्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या. मशीन कुठं राहील, वारा कुठून लागेल, हे बाई खुर्चीवरून सांगायच्या.

एप्रिलअखेर दुर्गच्या सभेतल्या वंदना मॅडम घर बघायला आल्या. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. चहानंतर बघू म्हणून टाळलेल्या त्या प्रश्नाबद्दल त्या आधी माफ करा म्हणाल्या, मग वही उघडून टिकारामांना माहिती विचारू लागल्या.

"मले नोका इचारू," टिकाराम म्हणाले. "मी बांधनारा. राहनारी ते हाये." आणि खुर्ची बायकोकडे सरकवली.

सत्यशीलाबाई आधी लाजल्या, मग अशा सुटल्या की चहा दोनदा गरम करावा लागला. पुढच्या सभेला त्यांनी मराठीत बोलावं, त्याचं हिंदी आपण करू, असं वंदना मॅडम सांगून गेल्या.

मे उजाडला. पंखा लागतोच, ऊन काही माया करत नाही. पण भोवळ आली नाही. राजदीपचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाई पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून ब्लाउजला काज करत होत्या.

"नाही येत बापू," त्या म्हणाल्या. "लगनसराईचे कपडे पडले हायेत."

फोन ठेवून त्यांनी खडू उचलला आणि भिंतीच्या पायथ्याशी, कधीच खूण नव्हती तिथं, तीनची खूण केली. टिकाराम पाहत होते. या वेळी त्यांनी भिंतीवर थाप मारली नाही.