सिंधूताईची कढई आणि सर्वेचा फोन

रोहिणखेडच्या आसपास कोणाच्याही घरी लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी सिंधूताईला निरोप जायचा. तिच्या हातची वांग्याची भाजी आणि वरण-बट्टी नसेल तर वऱ्हाडी रुसायचे. हे नाव तिला आयतं मिळालेलं नव्हतं. बौद्धवाड्यातली बाई म्हणून गावातल्या बड्या घरच्या पंजाबरावांच्या आईनं एके काळी तिच्या हातचं पाणी नाकारलं होतं. पुढं त्याच घरची सगळी लग्नं तिच्या कढईवर झाली. निवडणुकीतली मतं काय, आज येतात उद्या जातात. पण लोकांनी आपल्या हातचं खावं, यासाठी या बाईचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

ती पंचायत समितीला उभी राहिली तेव्हा समोरच्या पार्टीला तिच्याविरुद्ध बोलायला काही सापडेना. ना ठेका, ना जमीन, ना कसली भानगड. मग त्या हलकटांनी फोन लावायला माणसं बसवली.

त्यांची अक्कल बघा, तो फोन खुद्द तिलाच आला. एका साखरपुड्याचा स्वयंपाक चालू होता. तिचे हात कणकेत, म्हणून मदतीला आलेल्या सोजराबाईनं फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि तांदळाच्या पोत्यावर ठेवला. पलीकडून एक पोरगी लाडेलाडे म्हणाली, सर्वे आहे, दोन मिनिटं द्या. पाण्याचं विचारलं, रस्त्याचं विचारलं. मग म्हणाली, "सिंधूताईंच्या स्वयंपाकामुळे एका लग्नात लोकांना विषबाधा झाली होती, असं तुम्हाला कळलं, तर तुम्ही त्यांना मत द्याल का?"

वांगी चिरणाऱ्या बायांचे हात थांबले. असं कधी झालंच नव्हतं. तिच्या हातचं खाऊन कोणाचं साधं पोटही दुखलं नव्हतं.

कोणत्या लग्नात, असं सिंधूताईनं विचारलं. पोरगी म्हणाली, झालं असं आम्ही म्हणत नाही मॅडम, कळलं तर काय कराल एवढंच विचारतोय. हो की नाही, तेवढं सांगा.

"मंग तूच सांग वं. तुहा बाप चोर हाये असं तुले कळलं, तर त्याले घरात घेशीन का? मी तसं म्हनत नाही. कळलं तर."

तिकडून फोन ठेवला. बाया पोट धरधरून हसल्या. सिंधूताईला वाटलं, चांगली जिरवली.

जिरवली कसली, डोंबल! फोन घरोघर गेले. हे खोटं आहे, असं सांगत ती दारोदार फिरली, तर ज्यांना फोन आलाच नव्हता त्यांनाही तिच्याच तोंडून कळलं. आमचा तुमच्यावर भरवसा आहे ताई, असं म्हणायचे, आणि ती निघाली की मागून हळूच विचारायचे, पण ते लग्न कोणाचं होतं? तळपायाची आग मस्तकाला जायची.

तरी ती निवडून आली. गुलाल उधळला, फटाके वाजले, समोरच्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

मग लग्नसराई आली, आणि तिला कोणी बोलावेना. एक निरोप नाही. पंजाबरावांच्या नातीचं लग्न निघालं, तेव्हा त्यांच्या घरून निरोपाऐवजी पत्रिका आली. मांडवात तिला शाल दिली, नारळ दिला, पहिल्या पंगतीत मानानं बसवलं. मागं मलकापूरचा आचारी बट्ट्या तळत होता.

पंजाबराव वाढप्याला आग्रह करायला सांगत होते. तुम्ही आता मेंबर झाल्या, तुम्हाला चुलीपाशी कसं बसवायचं, असं काहीबाही बोलत होते. तिनं ताटाला हात लावला नाही.

"खरं सांगा पंजाबराव. तुमी भेले ना?"

पंजाबरावांनी मान खाली घातली. "मत तं तुमालेच देलं ताई, शपथ. पन सोयरे लांबून आले. जोखीम कोन घेईन?"

सिंधूताईनं शाल काढून त्यांच्या हातात दिली.

"मत नसतं देलं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "माह्या हातचं जेवले असते तं झालं असतं."

आणि भरल्या पंगतीतून ती उपाशीच उठली.