पेटीतल्या बाई

कालिंदी वर्तकांच्या आयुष्यात जीव टाकावा अशी गोष्ट एकच होती: मराठी मंडळाच्या वरच्या मजल्यावरचा मुलांचा मराठी वर्ग. वडील, दिगंबरपंत, छापखान्यातल्या नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथल्या मराठी पोरांनी मराठी विसरू नये म्हणून त्यांनी हा वर्ग काढला. ते गेले आणि वर्ग कालिंदीच्या गळ्यात पडला. तिचा जन्म कलकत्त्यातला, लग्न झालं नाही, भावंडं नाहीत. ‘वर्तकांच्या पोरीने वर्गाशीच लग्न लावलं’ असं भवानीपूरच्या मराठी वस्तीतल्या बायका म्हणत. म्हणेनात का! त्यांच्यातल्या एकीचं तरी पोर घरी मराठीत ओ देत होतं का?

खरं दुखणं तेच होतं. आई मराठीत हाक मारी, पोर बंगालीत उत्तर देई, आणि आईला त्यात काही वावगंही वाटेनासं झालं होतं. चौऱ्याहत्तर साली मंडळाच्या सभेत ठरलं की मार्चमध्ये कार्यकारिणी वर्गात येऊन बसेल. पहिलीची मुलं मराठीत बोलली तर वर्ग राहील, नाहीतर खोली वाचनालयाला जाईल. कालिंदीच्या तोंडचं पाणीच पळालं. त्या खोलीबाहेर तिला कोण ओळखत होतं?

मंडळाचे अध्यक्ष होते चारुदत्त राजवाडे, पुण्याहून बदलून आलेले बँकेतले मोठे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. उलट मदतीला सदा तत्पर, आणि अशाच माणसांपासून जरा जपून राहावं. त्यांनी घरचा टेपरेकॉर्डर आणून कालिंदीच्या टेबलावर ठेवला. चांगला दोन हातांनी उचलावा लागे असा, वर दोन मोठी चक्रं.

“बाहेरच्या देशांत हल्ली लहान मुलांना असंच शिकवतात,” ते म्हणाले. “टेपने प्रश्न विचारायचा, मध्ये थोडी जागा मोकळी सोडायची, त्यात मुलांनी उत्तर द्यायचं. तुमच्यासारख्या एकट्या बाईला दोन इयत्ता सांभाळायच्या म्हणजे हे वरदानच.”

“आवाज कुणाचा भरू?” कालिंदीने विचारलं.

राजवाडे हसले. “तुमचं मराठी गोड आहे हो, पण त्याला हुगळीचं पाणी लागलंय. आमची मीनाक्षी भरून देईल.”

मीनाक्षीबाई त्यांची पत्नी, सदाशिव पेठेतली, उच्चार अगदी धुतल्या तांदळासारखे. कालिंदीने मान डोलावली. तिला ते पटलंच मुळी. दिगंबरपंतांनी मांडीवर बसवून शिकवलेलं मराठी तिच्या तोंडात होतं, आणि ती दुसरीच्या तोंडातलं उसनं घ्यायला निघाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! इथे जन्मलेल्या मराठी माणसाला पुण्याच्या माणसासमोर आपलं बोलणं नेहमी मळकं वाटतं. हा रोग जुना आहे, कालिंदी काही पहिली नव्हे.

यंत्र सुरू झालं आणि जादू झाल्यासारखंच झालं. खोलीच्या एका बाजूला पहिलीची मुलं यंत्रासमोर गोल करून बसत. “तुझं नाव काय?” पेटीतून प्रश्न येई, आणि मोकळ्या जागेत सगळी एकदम आपापलं नाव सांगत. दुसऱ्या बाजूला कालिंदी दुसरीला पाढे शिकवी, तेही हळू आवाजात, यंत्राला अडथळा नको म्हणून. पहिलीच्या मुलांशी तिचं बोलणं उरलं ते कामापुरतं. चप्पल सापडत नाही, पाणी प्यायचंय, ह्याने मला चिमटा काढला. असली भांडणं झटपट मिटवायची तर बंगालीच सोपं पडे. मुलं तिला दिदिमोनी म्हणत, शेजारच्या बंगाली शाळेतली मुलं म्हणतात तसं. ‘बाई’ म्हणत ती पेटीतल्या आवाजाला. कालिंदीला त्याचं कौतुकच वाटे. आपल्याच पायावर धोंडा पडत असताना माणूस कौतुकाने बघत राहतो, तो असा.

तपासणीच्या दिवशी तिने वडिलांच्या फोटोला हार घातला, मुलांना स्वच्छ कपडे घालून बोलावलं, यंत्राची कळ दाबली. कार्यकारिणीची माणसं खुर्च्यांवर टेकली. चक्रं दोन वेढे फिरली असतील नसतील, तोच पंखा मंदावला आणि सगळं थांबलं. लोडशेडिंग. त्या वर्षी कलकत्त्यात वीज जायला वेळकाळ नव्हता, तरी कालिंदीला वाटलं, ही आज मुद्दाम माझ्यासाठी गेली.

“असू द्या,” राजवाडे म्हणाले. “यंत्राशिवायच बोलू दे मुलांना. तेच तर बघायचंय.”

कालिंदी पहिलीच्या गोलात जाऊन बसली. सहा वर्षांची श्यामला सगळ्यांत चुणचुणीत, म्हणून तिच्याकडे वळून तिने मराठीत विचारलं, “तुझं नाव काय?”

श्यामला खुदकन हसली. दिदिमोनी आज असं काय बोलतात? बाकीची मुलंही हसली आणि बंद यंत्राकडे बघू लागली. कालिंदीने पुन्हा विचारलं. मग गणूला, मग लीनाला. आवाज चढत गेला. शेवटी तिने श्यामलाचे दोन्ही हात धरले. “बोल ना गं! तुला येतं! रोज बोलतेस!”

श्यामला घाबरली आणि भराभर बंगालीत काहीतरी सांगून मोकळी झाली.

“काय म्हणते ती?” राजवाड्यांनी विचारलं. त्यांना बंगाली येत नव्हतं.

खोटं सांगता आलं असतं. पण कालिंदीला खोटं सुचायलाही बळ उरलं नव्हतं. ती म्हणाली, “म्हणते... वीज येऊ दे. मराठी फक्त बाईंशी बोलायचं असतं, दिदिमोनीशी नाही.”

राजवाडे उठले, जवळ आले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, “तुमचे कष्ट आम्ही जाणतो, कालिंदीताई.” त्या हळुवारपणातच निकाल होता. माणसं एकामागोमाग जिना उतरली.

ती भिंतीला टेकून बसली. दुसरीची मुलं गप्प, पहिलीची चुळबुळत. आणि पंखा कुरकुरला. यंत्राची कळ दाबलेलीच होती, चक्रं फिरायला लागली. आधी घोगरा, मग चढत चढत मीनाक्षीबाईंचा स्वच्छ आवाज खोलीत आला: “सकाळी उठल्यावर तू काय करतोस?”

मुलं ताठ बसली. “मी दात घासतो! मी तोंड धुतो!” एका सुरात, एकही अक्षर न अडखळता. श्यामलाचा आवाज सगळ्यांच्या वर.

कालिंदी व्हरांड्याकडे धावली. खाली रस्त्यावर टॅक्सीचं दार उघडं होतं, राजवाडे आत बसण्याच्या बेतात. कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून ती जीव खाऊन ओरडली, “शुनून! एकटू शुनून! ओरा बोलछे! ओरा पारे!”

सगळ्यांनी वर पाहिलं. राजवाड्यांनी खजिनदार मुकुंदरावांना काहीतरी विचारलं. मुकुंदराव इथलेच, त्यांना बंगाली येई. त्यांनी खाली बघत, ओशाळून, अध्यक्षांना अर्थ सांगितला: ऐका, जरा ऐका, मुलं बोलतायत, त्यांना येतं. राजवाड्यांनी एकदा वर कालिंदीकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले आणि ते टॅक्सीत बसले.

आपण कुठल्या भाषेत ओरडलो ते तिला तेव्हा कळलं. तिने कठडा घट्ट धरला आणि हमसून रडू लागली. आत पेटीतल्या बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, आणि मुलांनी त्याचं उत्तर दिलं.