शेजारची सीट

हे लिहायला घेतलं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. विमानाविषयी लिहावं ते ज्यानं विमान चालवलं त्यानं; फार तर ज्यानं ते विकत घेतलं त्यानं. मी या दोघांतला कुणीच नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अजूनही कागद पुढे घेतला की वाटतं, मागून कुणीतरी येईल आणि विचारेल, "तुले कोनं सांगतलं बे लिहाले?" त्याला एवढंच सांगता येईल की ते विमान निवडलं जात होतं तेव्हा मी त्या टेबलाजवळ बसलेलो होतो, आणि मला त्यातून एकदा जायचं होतं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता. गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचा कारखाना सुरू झाला होता आणि बाबा चुनखडीच्या खाणीवर ड्रिलिंगच्या गँगमध्ये कामाला होते. कोरपन्याच्या वाटेवर आमची थोडी काळी जमीन होती, तिच्यात कापूस. मी चंद्रपूरला बी.एस्सी. करत होतो आणि शनिवारच्या एसटीनं घरी यायचो.

खाणीचे साहेब पन्नाशीला आलेले इंजिनिअर होते. तरुणपणी ते ग्लायडर उडवायला शिकले होते, मग नोकरी लागली आणि ते सगळं राहून गेलं. आता त्यांना स्वतःचं अल्ट्रालाइट घ्यायचं होतं. अल्ट्रालाइट म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं, कापडी पंखांचं, मोटारसायकलएवढ्या इंजिनाचं छोटं विमान. त्यानं कुठे पोचायचं नसतं. रविवारी सकाळी हौसेनं उडायचं आणि जिथून उडालो तिथेच उतरायचं.

एकदा खाणीवर त्यांनी बाबांना विचारलं, पोरगा काय शिकतो. बाबा म्हणाले, "फिजिक." साहेब म्हणाले, "मग पाठवा त्याला. घरात माझ्याशी या विषयावर बोलायला कुणी तयार नाही."

असा मी त्यांच्या कॉलनीतल्या जेवणाच्या टेबलावर गेलो. पहिल्या रविवारी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. टेबलभर कॅटलॉग पसरलेले. साहेबांच्या पत्नी चहा ठेवायला जागा शोधत होत्या.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या, "तू शहाणा दिसतोस. यांना सांग, या वयात माणसं तीर्थाला जातात."

"तिथेही विमानानं जाता येईल," साहेब म्हणाले.

निवड तीन विमानांतून करायची होती. पहिलं पतंगासारख्या त्रिकोणी पंखाचं. खाली तीनचाकी सांगाडा टांगलेला, हातातला दांडा ढकलून वळवायचं. दुसरं साधं, एका माणसाचं. तिसरं दोन माणसांचं, शेजारी शेजारी बसायचं. तिन्हींचे आकडे आम्ही समोरासमोर मांडायचो: किती कमी वेगात हवेत टिकतं, उडायला किती जागा लागते, इंजिन बंद पडलं तर किती लांब तरंगत जातं.

"इंजिन बंद पडणार असं धरूनच विमान निवडायचं," साहेब म्हणायचे. म्हणून दुपारी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून शेतं बघत फिरायचो. मी मागे बसून कोणत्या शेतात उतरता येईल ते सांगायचो. वेचणी झालेल्या कपाशीची शेतं वरून मोकळी वाटली असती, पण उभ्या पराट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पंखांच्या कापडाच्या चिंध्या करतील. गव्हाची चालतील. बांधावर बाभळी असतील ती नकोत. पतंगाच्या पंखाचं आम्ही लवकरच बाजूला ठेवलं, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे वावटळी उठतात आणि साहेबांना हातातल्या दांड्यापेक्षा पायाखालच्या पॅडलवर जास्त भरवसा होता.

राहिली दोन. एका सीटचं आणि दोन सीटचं.

मी कधी मागितलं नव्हतं. साहेबच एकदा कॅटलॉगमधल्या दोन सीटच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे घेतलं तर इथे तू."

त्या दिवसापासून मी दोन सीटच्या बाजूनं बोलायला लागलो. इंजिन थोडं मोठं आहे, टाकी मोठी आहे, पंखांचा पसारा चांगला आहे, असं सगळं. साहेब ऐकून घ्यायचे. मला का हवं होतं ते मी त्यांना बरंच उशिरा सांगितलं.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाईच म्हणतो, वैनगंगेपलीकडे दिली होती. आष्टीहून पुढे जंगलातल्या धानाच्या गावात. एसटी बदलत बदलत आष्टीला जायचं, तिथून मिळेल त्या ट्रकनं पुढे, आणि शेवटी पायी. पावसाळ्यात नाले भरले की तेही नाही. मला तिनंच वाढवलं होतं. माय निंदायला गेली की बाई मला कडेवर घेऊन फिरायची. मी शाळेत जावं म्हणून ती घरी राहिली. कॉलेजला नाव लागलं तेव्हा तिला सांगायला मी जाऊ शकलो नाही, आणि तिला दोन लेकरं झाली तरी आमच्या घरून फक्त बाबा एकदा जाऊन आले होते. साहेबांच्या नकाशावर मात्र गडचांदूरपासून तिच्या गावापर्यंत सरळ रेघ मारली तर ती वीतभरही होत नव्हती. कधी कधी साहेब आत गेले की मी त्या रेघेवर बोट फिरवायचो. मला तिथे उतरायचंही नव्हतं. वरून तिचं अंगण बघायचं होतं, आणि ती बाहेर यावी असं वाटत होतं.

हे सांगितलं तेव्हा साहेबांनी नकाशा पुढे ओढला. मग म्हणाले, "आपण वजन करू."

वजनाचा प्रश्न मीच काढला होता. तापलेली हवा पातळ होते आणि पंखाला कमी उचलते, हे मी नुकतंच शिकलो होतो. कॅटलॉगमधले आकडे थंड देशातले. आमच्या चंद्रपूरच्या उन्हात तेच विमान तेवढं उचलणार नाही. मी हिशोब मांडून एक आकडा काढला. दोघांचं वजन त्याच्या आत बसलं तर दोन सीटचं घेता येत होतं.

कारखान्याचा काटा ट्रकांचा, त्याच्यावर माणूस म्हणजे माशी. म्हणून आम्ही कोरपन्याकडच्या एका जिनिंगवर गेलो. कापसाचा हंगाम होता. आवारात बैलगाड्या लागलेल्या, सगळीकडे रुई उडत होती. तिथला मापारी सगळ्यांचा भाऊ होता. त्यानं साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाऊ, आम्हा दोघांचं वजन करायचं आहे," साहेब म्हणाले.

"करा ना. विकाचं हाये का?"

गाडीवानांमध्ये हसू पिकलं. आम्ही दोघं काट्यावर चढलो. जागा कमी होती, खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागलं. सीटसुद्धा एवढीच रुंद असणार, हे माझ्या मनात आलं.

"साहेबाचा माल एक नंबर," मापारी म्हणाला. "पोट्ट्याच्यात मातर रुई कमी अन् सरकी जास्त हाये."

"भाऊ, हालू नका देऊ त्याले, उडून जाईन तो," मागून कुणी ओरडलं.

मापाऱ्यानं वजनं ठेवली, काढली, आणि आकडा सांगितला. तो माझ्या आकड्याच्या आत होता. अगदी थोडक्यात, पण आत. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. परत येताना त्यांनी स्कूटर नेहमीपेक्षा जोरात पळवली.

त्याच आठवड्यात भाऊजी, बाईचे मालक, कामानं चंद्रपूरला आले होते. हॉस्टेलवर येऊन मला भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणालो, "बाईला सांगा, मी तिच्या गावावरून उडत जाणार आहे."

भाऊजी म्हणाले, "गाडीनं ये ना बाबू, विमान कायले पाह्यजे?" पण निरोप नक्की सांगतो म्हणाले, आणि ते सांगणारे माणूस होते.

शनिवारी घरी आलो. जेवताना बाबांना काट्याची गंमत सांगितली. मापारी काय बोलला, लोक कसे हसले. बाबाही हसले. मग हात धुता धुता म्हणाले, "कडता कापला का नाई त्यानं?"

मी हसायचं थांबलो. कापूस काट्यावर चढला की बोऱ्याचं म्हणजे बारदान्याचं वजन, ओल आणि कचरा धरून मापारी थोडं वजन वजा करतो आणि उरलेलं सांगतो. तो कडता. आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट. मी काट्यावर उभा होतो तेव्हा मला ती आठवली नव्हती.

"माणसाचा कडता कोण कापते?" माय म्हणाली.

"त्याच्या काट्यावर जे चढलं तो कापूस," बाबा म्हणाले. ते थट्टेनंच बोलत होते.

सकाळी सायकल काढली आणि जिनिंगवर गेलो. मापारी बिडी ओढत बसला होता.

"भाऊ, मागच्या रविवारी आमच्या वजनात कडता कापला होता का?"

"कापला ना."

"पण आम्ही माणसं होतो, भाऊ."

"मंग? कपडे घातले होते का नाई तुमी? साहेबाचे जोडे पाह्यले का केवढाले होते? थो बारदानाच झाला." मग माझं तोंड बघून त्याचा आवाज उतरला. "काऊन रे? काई चुकलं का? थांब, आता पुऱ्याचं सांगतो तुले."

त्यानं मनातल्या मनात बेरीज करून पुरा आकडा सांगितला. तो माझ्या आकड्याच्या वर होता. फार नाही. पण वर.

तिथून सरळ साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकलं आणि आधी ते खूप हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसून हिशोबाचा कागद पुढे ओढला.

"मी जेवण कमी केलं तर?" ते म्हणाले.

"तुम्ही?" आतून साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. "काल रात्री पुरणपोळीवर तूप कुणी वाढून घेतलं?"

"आणि तू तर कमी होण्यासारखा राहिलाच नाहीस," ते मला म्हणाले.

दोन रविवार आम्ही त्याच कागदावर बसलो. फक्त थंडीत, फक्त पहाटे उडालो तर? उडायला लांब मोकळी पट्टी मिळाली तर? टाकी अर्धीच भरली तर? पण अर्ध्या टाकीत नदीपलीकडे जाऊन परत येता येत नव्हतं, हे मलाच दिसत होतं. प्रत्येक गणित कुठेतरी जुळायचं आणि दुसरीकडे सुटायचं. शेवटी साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"हे माझं पहिलं विमान आहे," ते म्हणाले. "माझा हात अजून बसलेला नाही. माझ्याकडून चूक होणार, आणि ती चूक पोटात घालेल असं विमान मला पाहिजे. काठावरचं नको. एकटा पडलो तर पडलो. तुझ्यासकट पडलो तर तुझ्या बाबांना खाणीवर तोंड कसं दाखवू?"

मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब." बरोबर होतंच. गणित माझंच होतं.

एका सीटचं विमान पेटीत बंद होऊन ट्रकनं आलं. गॅरेजमध्ये आम्ही ते जोडलं. पंखाचं कापड नळ्यांवर चढवून ताणताना एका बाजूला साहेब आणि एका बाजूला मी, सुरकुती राहू नये म्हणून इंच इंच ओढत होतो. जोडून झाल्यावर त्यांनी मला एकदा सीटवर बसवलं. इंजिन बंद होतं. मी पॅडलवर पाय ठेवले, दांडा हातात घेतला. समोर गॅरेजची भिंत होती आणि तिच्यावर साहेबांच्या पत्नीनं वाळत घातलेली मिरच्यांची माळ टांगलेली होती. तरी मी बराच वेळ उतरलो नाही, आणि तेही उतर म्हणाले नाहीत.

ते बाहेरगावी जाऊन महिनाभर शिकून आले. मग थंडीतल्या रविवारी उडू लागले. पंखाचं टोक धरून पट्टीवर न्यायचं काम माझं. ते वर गेले की इंजिनाचा आवाज बारीक होत जायचा आणि मी तिथेच उभा राहायचो. खाली आले की विचारायचो, "वरून काय दिसतं?"

साहेब शब्दांचे माणूस नव्हते. एकदा म्हणाले, "नाले दिसतात. कोरडे पडलेलेसुद्धा." एकदा म्हणाले, "बायका वर बघतात आणि डोळ्यांवर हात धरतात." ते ऐकून मी दुसरीकडे पाहिलं.

बाईला मी आष्टीच्या एका कंडक्टरबरोबर निरोप पाठवला होता की माझं येणं जमत नाही, विमान एकाच माणसाचं आहे. तो पोचला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे बी.एस्सी. झालं आणि मी एम.एस्सी.साठी नागपूरला गेलो. त्या वर्षी रविवारचं गडचांदूरला येणं सुटलं. साहेबांची बदली झाल्याचं बाबांकडून समजलं. जाताना त्यांनी बाबांना फक्त विचारलं होतं, पोरगा बरा आहे ना. विमान ते बरोबर घेऊन गेले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भाऊजी नागपूरला आले. हॉस्टेलच्या पायरीवर बसले, पाणी प्यायले, लेकरांचं सांगितलं, धान बरं झालं म्हणाले. मग म्हणाले, "अन् बाबू, तू येऊन गेला ते बाईनं पाह्यलं बरं का."

"मी? कधी?"

"मागच्या थंडीत. धान कापून राह्यलो होतो आमी. कापडाच्या पंखाचं एकट्या माणसाचं विमान आलं, गावावर दोन चकरा मारल्या. पुरं गाव भाईर आलं. तुही बाई हातातला विळा टाकून धानाच्या बांधीतून पळत सुटली. माहा भाऊ आला, माहा भाऊ आला, म्हणून. त्यानं हात केला. मंग गेलं थे नदीकडं."

मी मनात महिने मोजले; साहेबांची बदली त्यानंतरची. त्या भागात तसं दुसरं विमान नव्हतं. एवढ्या लांब, जंगलावरून, एका इंजिनावर ते गेले होते, आणि कुणाला बोलले नव्हते.

"निरोप मिळाला नव्हता का भाऊजी? कंडक्टरबरोबर पाठवला होता."

"कोनता निरोप?" भाऊजी म्हणाले. "तिनं मातर एक विचाराले लावलं हाये तुले. रागानं नाई. सहजच."

"काय?"

"बांधी कापून मोकळी होती म्हणे. काऊन उतरला नाई?"