विलासरावांची चुंबळ

फोन आला तेव्हा मी दुकानात फोम कापत होतो. गणपतीचे दिवस, नाना पेठेत मांडवांमुळे टेम्पो आत येत नव्हता, आणि माझं सगळं लक्ष त्या टेम्पोत अडकलेलं. फोन हडपसरहून विलासरावांच्या बायकोचा, शालिनीवहिनींचा होता. "शेठ, हे गेले," त्या म्हणाल्या. "दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत." मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि हातातला तुकडा आधी पुरा कापला. अर्धवट सोडलेला फोम पुन्हा सरळ कापता येत नाही. कापून झाल्यावर मागे वळलो, तर फळीवर विलासरावांनीच सांगून ठेवलेली फोमची गुंडाळी सुतळी बांधून तयार होती. ती न्यायला ते आदल्या दिवशी येणार होते. मिरवणुकांच्या गर्दीत कशाला, म्हणून मीच त्यांना थांबवलं होतं...

विलासराव गाड्या पॉलिश करायचे. घराणं हडपसरचं, शेतकऱ्याचं. जमिनी विकल्या गेल्या तसे दोघे भाऊ बिल्डर झाले आणि यांनी आपल्या वाट्याच्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकली. आपल्या घरच्या माणसानं लोकांच्या गाड्या घासाव्यात हे भावांना शोभण्यासारखं वाटत नसे. "तुमच्या गाड्या तरी शोभत्यात का, जरा उन्हात उभ्या करून बघा," एवढंच विलासराव म्हणायचे. त्यात तथ्य होतं. वाईट हाताचं पॉलिश सावलीत झकास दिसतं, आणि ऊन पडलं की बॉनेटभर गोल गोल रेघा उमटतात. विलासरावांना त्या रेघांचा मनापासून संताप यायचा. कुणाच्या लग्नाला गेले तरी आधी मांडवाबाहेरच्या गाड्या बघायचे, वधूवर नंतर.

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले ते भांडायलाच. माझं दुकान सोफ्याच्या आणि गाडीच्या सीटच्या फोमचं. माझा फोम कुणाकडून तरी मिळवून त्यांनी त्याचं पॉलिशचं पॅड कापलं होतं. पॉलिशच्या मशीनला पुढं फोमची गोल चकती लावतात, ते पॅड.

"तुमचा फोम गरम झाला की मधनं फुटतोय," ते म्हणाले.

"अहो, तो बसायचा फोम आहे," मी म्हणालो. "माणूस सोफ्यावर बसून गरगर फिरत नाही."

यावर एखादा पाय आपटत निघून गेला असता. हे खो खो हसले, चहा प्यायले आणि दुसऱ्या जातीचा फोम घेऊन गेले. तिथून पुढं आमचं जमलं. आमची मैत्री कधी अरेतुरेवर आली नाही, एकमेकांच्या घरी आम्ही फारसे गेलो नाही. ते यायचे, फोमच्या तुकड्यावर अंगठा दाबून तो किती वेळानं वर येतो ते बघत बसायचे, आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, हा माणूस डॉक्टर आहे.

बाजारातल्या पॅडवर त्यांचा राग होता तो असा, की पाठ कडक आणि तोंड सपाट. हात जरा कलला की एक कड रुतते आणि रंग जळतो. मग त्यांनी कडा तासून पाहिल्या. गरम हवा बाहेर पडावी म्हणून मधोमध भोक पाडलं. एकदा भरल्या वांग्याला देतात तशा चिरा दिल्या, तर मशीन सुरू होताच शेडभर फोमचा भुगा उडाला. "आता मसाला भरा आणि शिजत घाला," मी म्हणालो. त्यांनी तेही मनावर घेतलं नाही. माझं कुठलंच बोलणं ते अंगाला लावून घेत नसत, याचा मला थोडा रागच यायचा.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी थोडं उतरलं, पण गेलं नाही. एका काळ्या गाडीच्या दाराची कड त्यांच्या हातून जळाली. दार स्वखर्चानं रंगवून दिलं, गिऱ्हाईकही भला माणूस, काही बोलला नाही. पण विलासराव दुकानात आले आणि फोमला हातही न लावता बसले. भाऊ म्हणत होते, शेड बंद कर, आमच्या ऑफिसात येऊन बस. "एसीत बसून काय करू, शेठ?" ते म्हणाले. "गाडीवर हात ठेवता आला न्हाई तर माझं काय ऱ्हायलं?"  मी चहा मागवला. त्या दिवसापासून ते पॅड नुसतं चांगलं होऊन भागणार नव्हतं, त्यांच्या हलत्या हातात ते स्थिर राहायला हवं होतं.

वाट सापडली ती एका घोटाळ्यातून. खंडेनवमीला शेडमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. वहिनींनी मशीनला हार घातला आणि श्रद्धेनं पॅडच्या तोंडावरही हळद-कुंकू वाहिलं, चांगलं मूठभर. दसऱ्याच्या सकाळी मुहूर्ताची गाडी आली, पांढरीशुभ्र. विलासरावांनी देवाचं नाव घेतलं आणि तेच पॅड बॉनेटवर टेकवलं. गाडी गुलाबी झाली! मालक ओरडला, "अहो, माझी गाडी हळदीला बसवलीत का?" वहिनी आत जाऊन हसत होत्या. विलासरावांचं मात्र मालकाकडे लक्षच नव्हतं. ते पॅड उलटं धरून बघत होते. कडेकडेचं कुंकू साफ निघालं होतं, मधलं जसंच्या तसं. म्हणजे एवढी वर्षं पॅड सगळं टेकतंय असं ते समजत होते आणि काम करत होती फक्त कड.

त्यांनी भंगारातून गाडीचं एक पांढरं दार आणून शेडच्या भिंतीला ठोकलं. नवं पॅड केलं की त्याला कुंकू फासायचं, मशीन बंद ठेवून दारावर दाबायचं आणि ठसा बघायचा. पॅड सपाट टेकलं तर पूर्ण वर्तुळ, कललं तर चंद्रकोर. त्यांच्या हाताची नेहमी चंद्रकोरच यायची. पुसायचे, परत दाबायचे. "कुंकवाचा खर्च देवळापेक्षा आमच्याकडं जास्त हाय," वहिनी म्हणायच्या.

पुढं एक दिवस ते दुकानात आले ते बोलतच. त्यांची आई विहिरीवरून पाणी आणायची, डोक्यावर घागर, घागरीखाली कापडाचं वेटोळं, म्हणजे चुंबळ. "आय बांधावरनं चालायची, मान सारखी हलायची, पर घागर हलायची न्हाई. चुंबळ सगळं पोटात घ्यायची. शेठ, आपल्या पॅडला चुंबळच न्हाई!" मशीनची कडक चकती आणि फोम यांच्या मध्ये त्यांना असं एक मऊ वेटोळं हवं होतं. वहिनींनी जुन्या सुती साडीचं शिवून दिलं. ठसा चंद्रकोरीहून मोठा आला, पण वर्तुळ नाही. नुसतं कापड दबून कठीण व्हायचं. आत फोम भरायचा ठरला, मग कुठला फोम, यावर आमचं महिनोन्महिने चाललं. हा फार मऊ, तो फार ताठ. शेवटी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एक नमुना मी मागवला. त्यांनी अंगठा दाबला. फोम सावकाश, न उसळता वर आला. "ह्योच," ते म्हणाले. ते आमचं शेवटचं भेटणं. जाताना दुकानाच्या पायरीवर त्यांनी माझा हात धरला, आधारासाठी. त्यांचा हात माझ्या हातात थरथरत होता आणि ते चंद्रकोरीबद्दल बोलत होते.

त्या फोमची शीट आली, मी हवी तशी कापून ठेवली, आणि विलासराव गेले.

खंडेनवमीच्या सकाळी वहिनींचा फोन आला. "शेड उघडलीय. पूजा तर करायलाच पायजे. तुम्ही येता का? आणि तो फोम असंल तर आणा." मी गुंडाळी घेऊन हडपसरला गेलो. मशीन पुसून ठेवलेलं होतं. वहिनींनी फोम साडीच्या कापडात घालून चुंबळ शिवली, मी ती पॅडच्या पाठीला चिकटवली. चिकटेपर्यंत आम्ही दोघं पांढऱ्या दाराकडे बघत बसून राहिलो. त्यावर विलासरावांची शेवटची चंद्रकोर होती, कुणी पुसली नव्हती. मला वाटलं होतं, मी नेहमीसारखा काहीतरी तिरकस बोलेन आणि वेळ निभावून नेईन. त्याऐवजी मी चिकटवलेली कड अंगठ्यानं दाबत राहिलो.

वहिनींनी हार घातला, आणि पॅडवर कुंकू वाहिलं, तसंच मूठभर. "दाबा," त्या म्हणाल्या. मी मशीन उचललं. त्यांच्या चंद्रकोरीशेजारी जागा बघितली आणि पॅड टेकवलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझा हात थरथरतोय. मला काही कंपवात नाही. मी दुसऱ्या हातानं मनगट धरून पाहिलं, तरी थांबेना. चंद्रकोरच येणार हे कळून चुकलं होतं, पण आता मागे घेऊन काय करणार... दाबलं आणि मशीन बाजूला केलं.

पूर्ण वर्तुळ होतं. कडेपासून कडेपर्यंत सारखं, लाल, कुठेही फिकं नाही.

वहिनी पांढऱ्या दाराजवळ आल्या. आधी वर्तुळाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. हात अजून हलतच होता.

"जमलं की हो त्यांना," त्या म्हणाल्या.