फिरत्या प्रयोगशाळेच्या बाई

बाईंना कुणी उत्तर विचारलं, तर त्या ते कधीच द्यायच्या नाहीत. "बघत काय बसलीस? हात लाव ना," एवढंच म्हणायच्या. त्या आमच्या शाळेच्या नव्हत्या. भांडुपपासून घाटकोपरपर्यंतच्या शाळांसाठी एक विज्ञान केंद्र होतं. त्याची फिरती प्रयोगशाळा, म्हणजे आतून फळ्या ठोकलेली जुनी व्हॅन, घेऊन त्या यायच्या. आम्ही त्यांना प्रयोगबाई म्हणायचो.

आमच्या शाळेत सामान होतं, पण कुलपात. पहिल्याच दिवशी बाईंनी कपाटाची किल्ली मागितली.

"फुटेल हो," हेडसर म्हणाले.

"फुटलं तर मी दुसरं आणून देईन, सर. नुसतं ठेवून गंजलं तर कुणाला सांगणार?"

त्या दुपारी माझ्या हातून परीक्षानळी फुटलीच. मी रडायला लागले. बाईंनी काचा झाडल्या आणि दुसरी नळी माझ्या हातात दिली. "लागली ना वाट? झालं. चल, पुढे."

दहावीनंतर बाबांनी मला कॉमर्सला घालायचं ठरवलं. बाबा एका सोसायटीत वॉचमन. "आमच्यात कोण सायन्सक गेलो नाय," हे त्यांचं शेवटचं वाक्य. बाईंना हे कळलं, तशा त्या रविवारी टेकडीवरच्या आमच्या खोलीत धापा टाकत आल्या. मला वाटलं, आता त्या बाबांना समजावतील. त्यांनी पिशवीतून सूक्ष्मदर्शक काढला, दारातल्या उजेडात ठेवला आणि आईकडे पिंपाच्या तळाचं पाणी मागितलं.

बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले. काचेखाली काहीतरी वळवळत होतं.

"ह्यां पाणी आमी पितंव?"

"हो. उकळून प्या आता."

बाबांनी तिथल्या तिथे पिंप ओतून घासायला घेतलं. शेजारच्यांनाही हाका मारून दाखवलं. बाई चपला घालत होत्या तेव्हा बाबांनी विचारलं, "ह्यां बघूक काय शिकूक लागता?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तिला विचारा."

"सायन्स," मी म्हटलं. मंगळवारी बाबा माझ्याबरोबर कॉलेजात आले.

पुढे विज्ञान केंद्राला मिळणारी मदत आटली, व्हॅन बंद पडली. बाई रिक्षाने येऊ लागल्या, मांडीवर खोकं घेऊन. गुडघे दुखायला लागले तेव्हा चेंबूरच्या घरी शिक्षकांना बोलावून शिकवू लागल्या. तोवर मीही शाळेत विज्ञान शिकवत होते. माझ्याकडून एखादा प्रयोग फसला की त्या खूश व्हायच्या. "झकास! आता का फसला ते मुलांनाच शोधू दे."

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या घरी जमलेल्या शिक्षकांपैकी बरेचजण एकमेकांना ओळखतही नव्हते. भाषण कुणीच केलं नाही. जिने उतरताना मुलुंडच्या एका सरांनी मला थांबवलं.

"मॅडम, तुमच्याकडे दुर्बीण आहे का हो? आमची मुलं कधीपासून मागे लागलीयत."

"आहे ना," मी म्हटलं. "शुक्रवारी घेऊन येते."