आधी पट्टी, मग गाणं

माझ्या आत्याला गल्लीत सगळे 'सा-बाई' म्हणतात, आणि म्हणताना हसतात. सहा-सहा महिने पोरांकडून नुसता सा लावून घेते, गाणं म्हणून शिकवत नाही, यासाठी. हसा! त्या हसणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा दात-ओठ खायचे तर सुरुवात घरापासूनच करायला हवी.

लाँड्रीच्या वर तिची एक खोली. सतरंजी, पेटी, तंबोरा आणि खालून येणारी इस्त्रीची वाफ. नवा विद्यार्थी आला की त्याला ती गायला सांगतच नाही. जिन्याखाली पिटाळते आणि म्हणते, "तिथून घरच्या माणसाला हाक मार. रोज मारतोस तशी." मग पेटीवर बोटं फिरवून ती त्या हाकेचा सूर शोधते आणि त्यावरून त्याची पट्टी ठरवते. कुणाचा सा कुठे, ते ज्याचा त्याचा गळाच सांगतो, असं तिचं म्हणणं.

हे खूळ नव्हे. ती एकोणीस वर्षांची असताना तिचे गुरुजी सगळ्या मुलींना थोरल्या शिष्येच्या पट्टीत गायला बसवायचे. प्रत्येकीसाठी तंबोरा पुन्हा कोण लावणार? आत्या दीड वर्ष ताणून गायली आणि एका सकाळी आवाज गेला तो गेलाच. बोलण्यापुरता परत आला. पुढची तीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये "नंबर सांगा" म्हणत काढली. गुरुजी काय म्हणाले? "हिचा गळाच कच्चा." चोराच्या उलट्या बोंबा!

माझी लेक अकरा वर्षांची. आत्याकडे आठ महिने काळी तीनमध्ये, पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीवर, सा लावत होती, आणि घाई मला झाली होती. चौकात नवा क्लास निघाला: स्टेज, दिवे, माइक, तीन महिन्यांत स्पर्धा. घातलं तिला तिकडे. आत्या एवढंच म्हणाली, "पट्टी तेवढी विचार रे." मी विचारली नाही.

तिथे तयार ट्रॅक, काळी पाचमधला, लेकीच्या सापेक्षा बराच वरचा. चाळीस पोरं, चाळीस गळे आणि पट्टी एक! ट्रॅक खाली आणायला कॉम्प्युटरवर एक बटण दाबावं लागतं. तेवढेही कष्ट कुणाला नकोत. लेक म्हणाली, "बाबा, वरचं गाताना दुखतं." सर म्हणाले, "दुखतंय म्हणजे गळा उघडतोय." आणि मी, अतिशहाणा बाप, मान डोलावून घरी आलो.

स्पर्धेला आठ दिवस असताना तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी स्वरतंतूंवरच्या गाठी दाखवल्या. महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही, म्हणाले. पुन्हा गाईल का, विचारलं तर त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली. सरांना फोन केला तर म्हणे, "काय करणार, गळाच नाजूक तिचा."

पंचेचाळीस वर्षांनी तेच वाक्य! मी फोनवर जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आत्या म्हणाली, "शिव्या नंतर घाल. आधी पोरीला पाटी-पेन्सिल आणून दे."

महिनाभर लेक पाटीवर लिहून बोलली आणि रोज आत्याच्या खोलीत बसून इतरांचा सा ऐकत राहिली. बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी आत्याने तिला जिन्याखाली पाठवलं. मी वर उभा होतो.

"मार हाक बापाला."

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आलं, "बाबा." घोगरं, खालचं. आत्याचं बोट काळी तीनवरून उतरत उतरत काळी एकवर थांबलं.

"आहे," ती म्हणाली. "इथून सुरू करू. आणि तू रे, पुन्हा घाई केलीस तर तुलाच जिन्याखाली ठेवीन."

मग तिने तंबोरा मांडीवर घेतला आणि चारही तारा उतरवून लेकीच्या सुरात लावायला बसली. लेक समोर वाट बघत होती. मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं लागली. आत्याचा गळा वाचवायला तेव्हा कुणीतरी एवढीच वीस मिनिटं द्यायला हवी होती.