कलावतीबाईंचा घसा

जबलपूरच्या गोहलपुरात लोकांना कलावतीबाई रामटेके यांचा आवाज आधी ओळखीचा व्हायचा, मग त्या. अंगणवाडीचं दार उघडलं की त्या उंबऱ्यावर उभ्या राहून हाक मारायच्या, "चलो रे, दलिया ठंडा हो रहा!" गल्लीच्या पार टोकाला लोखंडी कपाटं बनवायचं वर्कशॉप होतं. तिथे खेळत बसलेली पोरंसुद्धा हातातलं टाकून पळत यायची. गोंदियाकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या जबलपुरात आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरगी चांगली आहे, फक्त तिला जरा हळू बोलायला शिकवा.

ते काही जमलं नाही, आणि त्याचं कारण घरातच होतं. नवरा बळीराम फॅक्टरीत घणाच्या मशीनवर कामाला. निवृत्त होईपर्यंत त्यांचे दोन्ही कान बरेचसे गेले होते. कानाला मशीन लावायला ते तयार नव्हते. "मी काय बुढा झालो का?" असं साठीनंतरही विचारायचे. दारात कोण आलं, फोनवर मुलगी मीरा काय म्हणाली, विहारात भंतेजींनी काय सांगितलं, हे सगळं कलावतीबाई त्यांना पुन्हा एकदा मोठ्यानं सांगायच्या. ते घर त्यांच्या गळ्यावर चालायचं.

त्या गळ्याला खरखर सुटली ती संक्रांतीच्या सुमारास. आधी सर्दी वाटली. मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, चघळून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, कोपऱ्यावरच्या डॉक्टरच्या गोळ्या दोनदा झाल्या. होळी आली तरी आवाज फाटकाच होता. मीरा नागपूरहून फोनवर म्हणाली, "आई, तुझा आवाज ओळखू नाही येऊन राहिला. मोठ्या दवाखान्यात दाखव."

मोठ्या दवाखान्यातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी जीभ धरून घशात दुर्बीण घातली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तंबाकू?"

कलावतीबाई म्हणाल्या, "नहीं. बस, गुड़ाखू."

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. गुड़ाखू म्हणजे गुळात कालवलेली तंबाखूच. कलावतीबाई लग्नापासून सकाळ-संध्याकाळ ती दातांना घासायच्या. ती घासल्याशिवाय पोट साफ होत नाही आणि डोकं चालत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. तंबाखूचे तोटे सांगणारं पोस्टर त्यांनी स्वतः अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवलं होतं. पण त्यावर बिडी ओढणाऱ्या माणसाचं चित्र होतं, त्यामुळे ते आपल्यासाठी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

स्वरतंतूवर पांढरा चट्टा होता. डॉक्टर म्हणाल्या, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. तो बाहेर आल्यावर बळीरामांनी उच्चारला, आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या सवयीनं मोठ्यानं उच्चारला. बाकावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

तुकडा काढला. आता काही दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कलावतीबाईंनी अंगणवाडीतली एक पाटी घरी आणली. काही हवं असलं की त्या पाटीवर लिहून बळीरामांसमोर धरायच्या. बळीराम चष्मा शोधायचे. चष्मा सापडेपर्यंत भाजी करपायची.

जाच खरा वेगळाच होता. घास गिळताना काही अडकलं का, हे त्या प्रत्येक घासाला तपासायच्या. दिवसातून कितीदा तरी मान चाचपायच्या. एकदा जबड्याखाली गाठ लागली. मग दुसऱ्या बाजूलाही तश्शीच गाठ लागली, आणि बळीरामांची मान चाचपली तर त्यांनाही दोन होत्या.

"काहून माझा गळा धरून राहिली?" बळीराम म्हणाले.

त्यांनी पाटीवर लिहिलं, काही नाही.

गल्लीतल्या बायका भेटायला यायच्या. प्रत्येकीच्या माहेरी किंवा सासरी कुणाला तरी हा रोग झालेला होता आणि प्रत्येकीला तो सविस्तर सांगायचा होता. एकीनं गिलोयचा, म्हणजे गुळवेलीचा, काढा आणला, एकीनं कटनीच्या कुठल्या बाबाचा पत्ता. एरवी कलावतीबाईंनी दोन वाक्यांत सगळ्यांना गप्प केलं असतं. आता त्या नुसत्या ऐकत बसायच्या, आणि ऐकलेलं सगळं आत साठत जायचं.

शेवटी त्यांनी सुट्टी रद्द करून अंगणवाडी गाठली. हाक मारता येत नव्हती, म्हणून ताटलीवर चमचा वाजवला. पोरं आली. दीदी हातानं खुणा करते हे पाहून तीही हळूहळू खुणा करायला लागली. दलिया हवा असला की वाटी पुढे, पाणी हवं असलं की अंगठा तोंडाशी. इतकी शांत अंगणवाडी कुणी पाहिली नव्हती. सुपरवायझर बाई तपासणीला आल्या तर त्यांना वाटलं, पोरांना धाक दाखवून बसवलंय. सहायिकेनं खरं काय ते सांगितलं तेव्हा त्या ओशाळल्या.

गुड़ाखू सोडणं मात्र कठीण गेलं. पहिल्या दिवशी डबी नाल्यात फेकली. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं आणि त्यांनी नवी आणली. बोटावर घेतली, तोंडाजवळ नेली आणि तसाच हात धुऊन टाकला. ती डबी त्यांनी शेजारणीला द्यायला काढली, मग शेजारणीला तरी कशाला, म्हणून तीही नाल्यात गेली.

याच दिवसांत एका दुपारी बळीराम कुणाला न सांगता बाहेर गेले आणि कानामागे मशीन लावून आले. घरी आल्यापासून त्यांचा चेहरा त्रासलेला होता. "हा पंखा काहून एवढा आवाज करून राहिला?" ते म्हणाले. मग नळाबद्दल तक्रार केली, मग कढईत फिरणाऱ्या झाऱ्याबद्दल. कलावतीबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. एवढी वर्षं मिनत्या केल्या तेव्हा हा माणूस ऐकला नव्हता. आता ऐकतोय, म्हणजे त्यानं मनातल्या मनात आपला आवाज गेला असं धरूनच ठेवलंय. त्यांना रडू आलं, रागही आला. त्यांनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, मी अजून मेली नाही.

बळीरामांनी चष्मा लावून वाचलं. "मालूम आहे," ते म्हणाले. "पण तू हळू बोलशील तवा मले ऐकू आलं पाहिजे ना."

रिपोर्टच्या दिवशी दोघं सकाळीच जाऊन बसले. तोवर हळू बोलायची परवानगी मिळाली होती. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि सांगितलं की नक्की काही कळत नाही. तुकडा फार छोटा होता, पेशी बदललेल्या दिसतात, पण किती ते ठरवता येत नाही. पुन्हा काढावा लागेल.

"मतलब है कि नहीं है?" कलावतीबाईंनी विचारलं.

"अभी नहीं कह सकते, दीदी. दोबारा देखना पड़ेगा."

हो म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, इतकी तयारी झाली होती. पण पुन्हा थांबायची तयारी नव्हती. व्हरांड्यात येऊन त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी नाही करत. जे व्हायचं ते होऊ दे. घरी चला."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, गोरे, म्हातारे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी पांढरं फडकं बांधलेलं. त्यांनी फडक्याआड बोट नेलं, गळ्यावर दाबलं, आणि घोगरा तुटक आवाज आला, "मराठी का तुम्ही?"

कलावतीबाई दचकल्या. गळ्याला भोक होतं.

ते लक्ष्मणराव. जबलपुरातल्याच गोरखपुरात राहायचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. स्वरयंत्र काढून बरीच वर्षं झाली होती, तपासणीला आले होते. एरवी कलावतीबाईंनी नजर वळवली असती. पण ज्या गोष्टीला त्या इतके दिवस घाबरत होत्या ती समोर इस्त्रीचा शर्ट घालून बसली होती आणि मराठी का असं विचारत होती. त्यांनी सरळ विचारायला सुरुवात केली. आंघोळ कशी करता? गळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून जरा वाकून. जेवण? सगळं जेवतो, फक्त वास कमी येतो, त्यामुळे आमटीत हिंग घातला की नाही यावरून बायकोशी भांडता येत नाही. झोप? लागते.

"पहिल्यांदा आरशात पाहिलं तवा?"

लक्ष्मणरावांनी बोट काढलं, श्वास घेतला, पुन्हा दाबलं. "घाबरलो. बराच वेळ बसून राहिलो. मग दाढी केली. वाढली होती."

"आन त्याच्या आधी? रिपोर्ट यायच्या आधी?"

"ते दिवस वाईट होते," ते म्हणाले. "नंतर निदान काय करायचं ते माहीत होतं. तेव्हा काहीच माहीत नव्हतं. शरयूवर, माझ्या बायकोवर, विनाकारण ओरडायचो. तुम्ही पुन्हा तुकडा काढायला द्या, ताई. घरी जाऊन काय करणार? तिथेही हेच घेऊन बसणार."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. ते उठले, नमस्कार केला आणि आत गेले.

कलावतीबाईंनी दुसऱ्यांदा तुकडा काढून दिला. पुन्हा पाटी आली, पुन्हा ताटली-चमचा. भीती गेली असं नाही. पण तिचं काय करायचं हे त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं. तांदूळ निवडायला बसल्या की काळजी करायची. हवी तेवढी, वाईटात वाईट. आपण गेल्यावर बळीरामांना चहासुद्धा नीट येत नाही, इथपासून ते मीराचं बाळंतपण कोण करील इथपर्यंत. तांदळाचा डबा बंद केला की ते बंद. मध्येच मनात आलं तर स्वतःला सांगायचं, आता नाही, तांदळाच्या वेळी. कधी जमायचं, कधी नाही. ज्या दिवशी जमायचं नाही त्या दिवशी त्या तूरडाळही निवडायला घ्यायच्या. त्या काळात रामटेक्यांच्या घरी जेवताना दाताखाली खडा आला नाही.

दुसरा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाल्या, कॅन्सर नाही. पण चट्टा त्याच वाटेवर होता. तो पूर्ण काढून टाकू, गुड़ाखूला आयुष्यात हात लावायचा नाही आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

बळीरामांनी कानामागचं मशीन दाबून धरलं. "नहीं है बोला ना? फिर से बोलिए."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. कलावतीबाईंना वाटलं होतं की असं काही ऐकलं तर आपण नाचू. त्यांना नुसती भूक लागली. रस्त्यापलीकडच्या गाड्यावर दोघांनी उभ्या-उभ्या पोहे-जलेबी खाल्ली आणि गिळताना आज काहीच तपासलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर.

चट्टा निघाला. आवाज आला, पण पूर्वीचा नाही. जाडसर, हवा सुटल्यासारखा, गल्लीच्या निम्म्यापर्यंत पोचणारा. पोरांना बोलवायला ताटलीच कायम झाली. नवीन आलेल्या पोरांच्या आयांना कलावती दीदींचा जुना आवाज माहीतच नाही. गुड़ाखूची आठवण अजून येते, विशेषतः पावसाळी सकाळी, आणि ती येते हे त्या लपवत नाहीत. भिंतीवरच्या पोस्टरशेजारी त्यांनी गुड़ाखूच्या डबीचं चित्र स्वतः काढून चिकटवलं. ते इतकं वाईट आलं होतं की बायका विचारायच्या, ये क्या है दीदी? मग सांगावंच लागायचं.

दर तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस घरात तांदूळ फार निवडले जातात. बळीरामांना ते कळतं. ते तेव्हा दुपारचा चहा स्वतः करतात. तो अजूनही नीट येत नाही.

परवा डॉक्टरांनी घशात पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, सगळं साफ आहे, आता सहा महिन्यांनी आलात तरी चालेल.

"छह नहीं," कलावतीबाई म्हणाल्या. "तीन ही ठीक है."

"अच्छी खबर है, दीदी. ज़रूरत नहीं है."

"तुम्हाले नाही, मले आहे," त्या मराठीतच बोलून गेल्या. बळीराम मध्ये पडले, म्हणाले, डॉक्टर म्हणून राहिल्या तर सहा तर सहा. कलावतीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मशीन सारखं करायला लागले. डॉक्टर हसल्या. थोडी घासाघीस झाली, आणि कागदावर चार महिने लिहून घेऊनच त्या उठल्या.